कमी कर्बोदकांचा आहार आणि वेष्टनातला ‘बार’

वजन आटोक्यात आणण्यासाठी म्हणा किंवा रक्तातील साखरेसाठी म्हणा, कमी कर्बोदकांचा आहार सुरू करायचा असे एकदा ठरले, की पोळी, भात, बटाटा आणि साखर यांच्यावर संक्रांत येते. दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न बहुतेक घरांत सुटतो. पालेभाजी आणि कोशिंबीर वाढवता येते. अंडी, पनीर, मासे यांची भर घालता येते. अडते ते दुपारी चार वाजता. कार्यालयात चहा येतो, शेजारच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा फुटतो आणि पोटात कावळे ओरडू लागतात. अशा वेळी औषधांच्या दुकानात, मॉलमध्ये किंवा जिमच्या काउंटरवर मांडून ठेवलेला चकचकीत वेष्टनातला ‘बार’ तारणहार वाटू लागतो. ‘हाय प्रोटीन’, ‘शुगर फ्री’, ‘लो कार्ब’, ‘कीटो’ अशी अक्षरे त्यावर ठळक छापलेली असतात. हा आहार नव्याने सुरू करणाऱ्याने मात्र पहिले काही आठवडे तरी नेमका हाच पदार्थ दूर ठेवावा, हे उत्तम. त्याची कारणे बारच्या घडणीतच आहेत.

चिक्कीचा पाक आणि बारचा पाक

आज मिळणाऱ्या बारचा पूर्वज शोधू गेल्यास तो धावपटूंच्या खिशात सापडतो. कॅनडाचा लांब पल्ल्याचा धावपटू ब्रायन मॅक्सवेल याला १९८३ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात पाय उचलणे अशक्य झाले. स्नायूंमधला साखरेचा साठा संपला, की लांब पल्ल्याच्या धावपटूंची अशी अवस्था होते. त्यावर उपाय म्हणून त्याने जेनिफर मॅक्सवेल यांच्यासह धावताना चटकन खाता येईल आणि सहज पचेल अशी वडी तयार केली आणि १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथून ‘पॉवरबार’ बाजारात आणला. थोडक्यात, बार जन्माला आला तोच शरीराला कर्बोदके त्वरेने पुरवण्यासाठी. कर्बोदके टाळणाऱ्यांच्या हाती तो पुढे गेला, हा बाजाराचा विनोद म्हणावा लागेल.

ही दुसरी वाट अमेरिकेतच पडली. न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अॅटकिन्स यांनी १९७२ साली कमी कर्बोदकांच्या आहारावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीतील पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला केवळ २० ग्रॅम कर्बोदके घ्यावयाची असतात. २००३ साली अॅटकिन्स यांचे निधन झाले, त्या सुमारास या आहाराची लाट टिपेला पोहोचली होती. पाव, पास्ता, बिस्किटे बंद केलेल्या लाखो लोकांना काहीतरी गोड हवे होते. ती गरज ओळखून निरनिराळ्या कंपन्यांनी कमी कर्बोदकांचे बार, चॉकलेटे आणि पेये बाजारात उतरवली. लाट ओसरली, खुद्द अॅटकिन्स यांच्या कंपनीला २००५ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेरही आली. आहार मागे पडला तरी बार टिकून राहिला. पुढे ‘कीटो’ या नव्या नावाने तोच आहार परतला, तेव्हा बार दुकानात हजरच होता.

बार तयार कसा होतो, हे समजण्यासाठी चिक्कीसारखे दुसरे उदाहरण नाही. शेंगदाणे कितीही उत्तम असोत, गुळाचा पाक नसेल तर त्यांची वडी पडत नाही. बारचेही तसेच आहे. ओट्स, दाणे, दुधाची किंवा सोयाची प्रथिनांची भुकटी हे सारे कोरडे जिन्नस. त्यांना एकत्र बांधून ठेवणारे, महिनोन्‌महिने मऊ राखणारे आणि चवीला गोड लागणारे काहीतरी हवेच. साध्या बारमध्ये हे काम ग्लुकोज सिरप, मध, गूळ किंवा खजुराचा लगदा करतो. खजूर नैसर्गिक खरा. पण सुकलेल्या खजुराच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश साखरच असते. ओट्स, खजूर आणि मध यांचा ४० ग्रॅमचा बार घेतला, तर त्यात साधारणपणे २५ ग्रॅम कर्बोदके सहज येतात. एका मध्यम पोळीत ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे दुपारच्या जेवणातली पोळी मोठ्या निग्रहाने सोडायची आणि चार वाजता पोळीपेक्षा अधिक कर्बोदके चघळून मोकळे व्हायचे, असा हा व्यवहार ठरतो.

‘लो कार्ब’ म्हणवणाऱ्या बारमध्ये साखरेचा पाक काढून टाकलेला असतो, हे खरे. पण पाक काढला तरी पाकाचे काम उरतेच. ते काम तिथे तीन गोष्टींकडे सोपवलेले आढळते. माल्टिटॉलसारखी ‘शुगर अल्कोहोल’, ग्लिसरीन आणि सिरपाच्या रूपातले तंतुमय पदार्थ. सगळा घोळ या तिघांपाशी आहे.

वजाबाकीचे गणित

अशा बारच्या वेष्टनावर ‘नेट कार्ब्ज ४ ग्रॅम’ असे काहीसे छापलेले असते. हा आकडा वजाबाकीतून येतो. एकूण कर्बोदकांतून तंतुमय पदार्थ वजा करायचे, कारण ते पचत नाहीत. शुगर अल्कोहोल वजा करायची, कारण तिचा रक्तातील साखरेवर परिणाम होत नाही असे मानायचे. उरले ते ‘नेट’. ‘नेट कार्ब’ ही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्याख्या करून दिलेली संज्ञा नाही. ती बाजाराने रूढ केली आहे.

उदाहरणादाखल ६० ग्रॅमचा एक बार घेऊ. एकूण कर्बोदके २४ ग्रॅम, त्यातले तंतू ११ ग्रॅम, माल्टिटॉल ९ ग्रॅम. वजाबाकी केली की उरतात ४ ग्रॅम. कागदावर गणित बिनचूक आहे. पण माल्टिटॉल पूर्णपणे अपाच्य नसते. त्यातून साखरेच्या जवळजवळ निम्मी ऊर्जा मिळते. अमेरिकेतील नियमांनुसार ती दर ग्रॅमला २.१ कॅलरी धरली जाते आणि साखरेची ४. त्याचा काही भाग लहान आतड्यात ग्लुकोज होऊन रक्तात उतरतो. तेव्हा त्या ९ ग्रॅमपैकी निम्मे तरी हिशेबात धरायला हवेत. म्हणजे ४ चे साडेआठ झाले. सगळ्याच शुगर अल्कोहोल सारख्या नसतात. एरिथ्रिटॉल शरीरात शोषले जाते, पण बहुतांशी तसेच लघवीवाटे बाहेर पडते. त्यातून ऊर्जा नगण्य मिळते. माल्टिटॉल मात्र स्वस्त असते, चवीला व पोताला साखरेच्या अगदी जवळ असते, आणि म्हणून चॉकलेटचा लेप दिलेल्या बारमध्ये ते वारंवार भेटते. या गटाला ‘अल्कोहोल’ हे नाव रसायनशास्त्रातून मिळाले आहे. मद्याशी त्याचा संबंध नाही.

ग्लिसरीनची कथा याहून जुनी आहे. बार मऊ राहावा म्हणून ते घालतात. एकेकाळी काही उत्पादक ते कर्बोदकांत मोजतच नसत. ग्लिसरीन एकूण कर्बोदकांतच धरले पाहिजे, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची भूमिका आहे. त्याने रक्तातील साखर एकदम उसळत नाही. परंतु त्यातून ग्रॅममागे साखरेइतकीच, किंबहुना किंचित अधिक, ऊर्जा मिळते आणि यकृत गरजेप्रमाणे त्यापासून ग्लुकोज तयार करू शकते.

तिसरा घटक सर्वांत फसवा, कारण त्याचे नाव सर्वांत सात्त्विक. तंतुमय पदार्थ म्हटले की डोळ्यांसमोर मेथीची जुडी किंवा सालासकट पेरू येतो. बारमधील तंतू पुष्कळदा कारखान्यात पिष्टापासून बनवलेले, सिरपासारखे दाट आणि सौम्य गोड असतात. त्यातला ‘आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड’ हा प्रकार बरीच वर्षे अनेक बारमध्ये वापरात होता. त्याचा बराचसा भाग लहान आतड्यात पचतो आणि रक्तातील साखर वाढवतो, असे दिसून आले. अमेरिकेत २०१६ साली आहारातील तंतूंची नवी व्याख्या झाली. त्यानंतर त्या प्रशासनाने मान्य केलेल्या तंतूंच्या यादीत या पदार्थाला स्थान मिळाले नाही. तो पुष्कळदा टॅपिओकापासून तयार करतात आणि वेष्टनावर ‘टॅपिओका फायबर’ अशा नावाने वावरतो. टॅपिओका म्हणजे आपल्या साबुदाण्याचेच मूळ. आता वरच्या उदाहरणातले ११ ग्रॅम तंतू या जातीचे निघाले, तर ४ ग्रॅमचा तो आकडा कुठवर जाईल, हे खाणाऱ्याला वेष्टनावरून कळण्याचा मार्ग नाही.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेणाऱ्याला या चार-आठ ग्रॅमने फारसा फरक पडणार नाही. ज्याने मर्यादा २० किंवा ३० ग्रॅमची ठेवली आहे, त्याचा निम्मा दिवस मात्र एका बारमध्ये संपतो. ज्याला सूट सर्वांत कमी, त्यालाच हा बार अधिक आग्रहाने विकला जातो.

पहिल्या पंधरवड्याचे महत्त्व

भारतीयांच्या आहारात एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीवर आधारित २०२५ सालच्या निबंधात म्हटले आहे. दोन हजार कॅलरींच्या आहारात याचा अर्थ रोज ३०० ग्रॅमच्या वर. तिथून ५० ग्रॅमवर उतरणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने इंधनच बदलणे होय. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते. हा साठा उतरू लागला की चरबी वितळवून चालण्याची सवय शरीराला लागते. त्याला काही दिवस जातात. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. तेही बाहेर पडते. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो.

पाण्याबरोबर मीठही जाते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, पायांत गोळे येणे, बद्धकोष्ठता अशा तक्रारी सुरू होतात. नवख्या माणसाला ही भूक वाटते आणि हात बारकडे जातो. वास्तविक त्या वेळी वाटीभर चवदार सूप किंवा मीठ घातलेले पातळ ताक अधिक कामाचे असते. (रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे, हे ओघाने आलेच.) त्यात बारमधील शुगर अल्कोहोलची भर पडली, की पोट फुगणे, गुडगुडणे आणि जुलाब यांचीही गाठ पडते. मग कोणता त्रास आहारबदलाचा आणि कोणता बारचा, हे सांगता येत नाही आणि दोष आहाराच्या माथी बसून तो दहाव्या दिवशी सुटतो.

याहून मोठा प्रश्न सवयीचा आहे. पहिल्या काही आठवड्यांत जिभेची गोडाची अपेक्षा उतरू लागते. नुसते दही, बदाम, काकडी यांची मूळ चव जाणवू लागते. दिवसातून एकदा चॉकलेटच्या चवीचा बार खाणाऱ्याला हा अनुभव येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये, वजन नियंत्रणासाठी सुक्रालोज, स्टीव्हिया यांसारख्या साखरेतर गोडव्यांवर विसंबू नये, अशी शिफारस केली. ती मधुमेह नसलेल्यांसाठी आहे आणि शुगर अल्कोहोल तिच्या कक्षेबाहेर आहेत. तथापि बारमध्ये ही दोन्ही कुटुंबे बहुधा एकत्रच नांदतात.

बार चावायला मऊ, आटोपशीर आणि दोन मिनिटांत संपणारा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० व्यक्तींवर केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे आठवतो. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दोन आठवड्यांत त्याच व्यक्तींनी साध्या अन्नाच्या तुलनेत दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या. दोन्ही आहारांत साखर, चरबी, तंतू यांचे वाढलेले प्रमाण जुळवलेले होते. हा प्रयोग बारवर नव्हता, परंतु कारखान्यात घडवलेला घास पोटाला ‘पुरे’ म्हणायला उसंत देत नाही, ही शंका त्याने बळकट केली.

मुळात जेवणांच्या मध्ये काही खावे का, यावर महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास घरोघरी वाद रंगले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारात आणलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत एकीकडे आणि ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा सल्ला दुसरीकडे. यांपैकी कोणताही पक्ष घेतला तरी बारचे काम अवघडच. पहिल्या पद्धतीत मधल्या खाण्यालाच जागा नाही. दुसरीत जागा आहे, पण ती घरच्या ताज्या पदार्थांना.

वेष्टन उलटून पाहावे

तरीही कोणी बार घेणारच असेल, तर पुढची बाजू वाचू नये. भारतीय नियमांप्रमाणे घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पहिल्या तीन-चार नावांत सिरप, खजूर, मध, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्टिटॉल आले, की निकाल लागला. पुष्कळदा गोडवे नावाऐवजी क्रमांकाने दिलेले असतात. ९६५ म्हणजे माल्टिटॉल, ४२० सॉर्बिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल, ९५५ सुक्रालोज आणि ४२२ ग्लिसरीन. ‘पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात’ अशा अर्थाची बारीक अक्षरांतली ओळ दिसली, तर ती विनाकारण छापलेली नसते.

‘शुगर फ्री’ या शब्दांचा अर्थही नेमका आहे. शंभर ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक नाही, एवढेच तो सांगतो. पिष्ट आणि माल्टिटॉल यांना तो लागू नाही. म्हणून साखरेचा रकाना शून्य आणि एकूण कर्बोदकांचा रकाना ४० असलेला पदार्थही ‘शुगर फ्री’ असू शकतो. पाहायचा तो एकूण कर्बोदकांचा रकाना. आणि तो संपूर्ण बारचा आहे, शंभर ग्रॅमचा आहे की अर्ध्या बारचा, हेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक सूचनांतही वेष्टनावरील माहिती वाचण्याची सवय लावून घ्यावी, यावर भर आहे.

डब्यात काय न्यावे

बारला पर्याय शोधताना नवख्यांची आणखी एक फसगत होते. उपवासाला चालते ते हलके, असा आपल्याकडे समज आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. मखाण्यांत शंभर ग्रॅमला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. राजगिऱ्याचा लाडू गुळाने बांधलेला. फुटाणे पौष्टिक खरे, पण मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांतही १५ ग्रॅमच्या वर कर्बोदके निघतात. कुरमुऱ्यांच्या चिवड्याबद्दल बोलायलाच नको.

भाजलेले शेंगदाणे मात्र या परीक्षेत उतरतात. ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे ५ ग्रॅम कर्बोदके, त्यातले जवळजवळ निम्मे खरेखुरे तंतू, आणि साडेसात ग्रॅम प्रथिने. खर्च नगण्य. उकडलेल्या अंड्यात कर्बोदके एका ग्रॅमहूनही कमी आणि प्रथिने सहा ग्रॅम. पनीरचे तुकडे मीठ-मिरपूड लावून डब्यात नेता येतात. दहा-बारा बदाम, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, काकडी, पातळ ताक यांपैकी काहीही चालेल. काजू मात्र बेताने. त्यात बदामापेक्षा कर्बोदके अधिक असतात. दाणे आणि बदाम डब्यात मोजूनच न्यावेत. पुडा उघडा ठेवून खाणाऱ्याचा हात थांबत नाही.

जेवणातच प्रथिने आणि स्निग्धांश पुरेसे असले, तर चार वाजताची भूक साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपणहून सौम्य होते. कमी कर्बोदकांबरोबर तूप-तेलही तोडणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही; बारचे सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक तेच असतात. उलट, दिवसभर सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांना किंवा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी धावणाऱ्यांना खजूर-ओट्सच्या बारचे वावडे असण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठीच तो बनला होता.

औषधे चालू असतील तर

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी हा आहार आपल्या मनाने सुरू करू नये. कर्बोदके एकदम उतरली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा वेळी घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी घ्यावे. खिशातला शुगर फ्री बार तेव्हा निरुपयोगी ठरतो, कारण त्यातून साखर फार हळू आणि फार थोडी मिळते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळ्या घेणाऱ्यांना वेगळा धोका असतो. साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्या रक्तात कीटोन आम्लांचे प्रमाण घातक ठरू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

दोन-तीन महिन्यांनी आहार अंगवळणी पडल्यावर प्रवासात बार जवळ ठेवावासा वाटला, तर घरच्या ग्लुकोमीटरवर त्याची परीक्षा घेता येते. तीन-चार तास काही न खाता साखर मोजावी, बार खाऊन एक तासाने आणि दोन तासांनी पुन्हा मोजावी. माल्टिटॉल सावकाश पचत असल्याने दुसऱ्या तासाचा आकडा गाळू नये. एकच बार दोन व्यक्तींच्या रक्तात वेगवेगळे आकडे दाखवतो, तेव्हा शेजाऱ्याला चालला तो आपल्याला चालेलच असे नाही.